निळे ओठ कुणाचे दिसतात: एका कम्युनिटी कॉलेजातल्या ओपन पुस्तकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवते. कॉलेजचं नाव देत नाहीये, माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदललेत, बाकी जे झालं ते झालं तसं लिहितेय. कॉलेज सेंट्रल व्हॅलीत आहे, म्हणजे बदाम, द्राक्षं, टोमॅटो आणि पॅकिंगच्या शेडचा भाग. वर्गात मेक्सिकन घरातली मुलं सगळ्यात जास्त, मग पंजाबी, हमोंग (आग्नेय आशियातून आलेला एक समाज), काळी, गोरी, आणि बऱ्याच जणींना नर्स व्हायचंय. नर्सिंगच्या अॅडमिशनसाठी हा विषय नुसता पास होऊन भागत नाही, ग्रेड चांगली लागते, त्यामुळे इथे अडकलेली मुलगी बहुतेक वेळा तिथेच अडकते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज असतं, कटऑफ नाही, कोणीही यावं, वय काहीही असो, दिवसा काम करा आणि संध्याकाळी शिका. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत. इथल्या रहिवाशांना फी युनिटला (कोर्स केवढा मोठा ते मोजायचं माप) 46 डॉलर, म्हणजे चार युनिटच्या कोर्सचे 184 डॉलर, आणि कमी उत्पन्न असेल तर ती पण माफ होते. आता गंमत नाही, खरंच सांगते, आमच्या कोर्सचं पुस्तक आणि त्यासोबतचा ऑनलाइन गृहपाठाचा अॅक्सेस कोड मिळून 200 डॉलरच्या वर जायचं. म्हणजे सरकारने फी माफ केलेल्या मुलीला कोर्सच्या फीपेक्षा जास्त पैसे पुस्तकाला मोजावे लागत होते, आणि तो कोड सेमिस्टर संपला की बंद, मागे काही उरत नाही, जुनं पुस्तक घेऊन भागवायची सोयही नाही.

ओपन शैक्षणिक साहित्य, म्हणजे मोफत मिळणारं आणि आपल्याला बदलता येणारं साहित्य, ज्याला इथे सगळे ओईआर म्हणतात, ही कल्पना तशी जुनी आहे. युनेस्कोच्या 2002 च्या बैठकीत हे नाव पडलं, त्याच वर्षाच्या शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची पहिली लायसन्स आली. लायसन्स म्हणजे लेखकाने आधीच दिलेली परवानगी, की हे ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, वाटा. ओईआरचे जुने पुरस्कर्ते डेव्हिड वायली यांनी हे पाच हक्क मांडलेत आणि ओईआरवाले ते पाढ्यासारखे म्हणतात. या सगळ्यात कम्युनिटी कॉलेजं मागे नव्हती, उलट पुढे होती. 2007 साली फूटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टने (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका प्रशासनाखालची कॉलेजं) पुढाकार घेऊन कम्युनिटी कॉलेजांचा ओईआर गट उभा केला, आणि कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजातल्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन या दोन शिक्षिकांचं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तकच पुढे ओपनस्टॅक्सने नव्या रूपात काढलं. ओपनस्टॅक्स म्हणजे ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा मोफत पुस्तकांचा प्रकल्प. मला ही गोष्ट सांगायला आवडते, कारण चांगलं पुस्तक मोठ्या विद्यापीठातच लिहिलं जातं असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं.

अडचण नेमकी काय होती

अडचणी दोन होत्या, आणि पहिली सगळ्यांना दिसत होती. पहिले दोन आठवडे अर्ध्या वर्गाकडे पुस्तकच नसायचं. आर्थिक मदतीचा चेक उशिरा येतो, पगार पंधरवड्याने होतो, मग लायब्ररीत दोन तासांसाठी मिळणारी प्रत घ्यायची आणि पानांचे फोटो काढायचे. हाडांच्या चॅप्टरचे फोटो फोनवर बोटांनी मोठे करून करून बघणारी मुलं मी खूप पाहिलीत. आणि पुस्तक नसलेली मुलं कोणती हे वर्गात नजर फिरवली तरी कळायचं, त्यासाठी सर्व्हे लागत नाही.

दुसरी अडचण मला एका संध्याकाळी कळली. त्वचेचा चॅप्टर चालू होता, स्लाइडवर सायनोसिसचा फोटो, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी झाला की ओठ आणि नखं निळी पडतात तो. गोरा हात, निळी नखं, अगदी स्पष्ट. मागच्या बाकावर एक काळी विद्यार्थिनी बसायची, ती रात्री एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथे म्हाताऱ्या आजारी माणसांना सांभाळतात तिथे, असिस्टंटचं काम करायची आणि वर्ग सुटला की थेट ड्युटीवर, म्हणून स्क्रबमध्येच, म्हणजे ड्युटीच्या कपड्यांतच यायची. तिने उठून आपला हात प्रोजेक्टरच्या उजेडात धरला आणि विचारलं, "प्रोफेसर, हे माझ्या हातावर कसं दिसेल?" विचारण्यात राग नव्हता, तिला खरंच माहिती हवी होती कारण तिच्या वॉर्डात अशा हातांचे म्हातारे लोक होते.

पुस्तकात उत्तर नव्हतं. मी मूळची चंद्रपूरची, आणि मला एकदम आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आठवल्या, रांगेत उभं करून प्रत्येक पोराची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायच्या, रक्त कमी आहे का ते. सावळ्या लोकांच्या देशात सिस्टरला गालावरचा फिकेपणा बघून चालतच नाही, ती पापणी बघते, जीभ बघते, तळहात बघते. म्हणजे जे मला सात वर्षांची असताना माहीत होतं ते या दोनशे डॉलरच्या पुस्तकात नव्हतं! मी तिला पापणी ओढून दाखवली, तोंडाच्या आतली बाजू आणि नखांखालची जागा बघ म्हणाले, सावळ्या आणि काळ्या त्वचेवर निळा रंग दिसेलच असं नाही, राखाडी किंवा पांढुरकी छटा येते असं सांगितलं. पण फोटो एकही दाखवता आला नाही.

मग घरी जाऊन मी सोबतची प्रश्नपेढी उघडली आणि रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. रुग्णाचा वर्ण फार थोड्या प्रश्नांत दिला होता, आणि जिथे दिला होता तिथे उत्तर ठरलेलं. "काळा रुग्ण, सांधे दुखतात" म्हटलं की सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार. आता मी विदर्भातली. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, तिकडे वर नंदुरबार, या पट्ट्यात आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये सिकलसेल किती आहे हे तिकडच्या कुठल्याही आशाताईला विचारा. भारतात तो निलगिरीच्या आदिवासींमध्ये 1952 सालीच नोंदवला गेलाय. या आजाराचा जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहिला, कारण एकच प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे, भारतात आहे. त्याचा संबंध मलेरियाशी, कातडीच्या रंगाशी नाही. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी, आमच्या गल्लीत लहानपणी सिकलसेलला "त्यांचा आजार" म्हणायचे, त्यांचा म्हणजे कुणाचा ते सांगायची गरज कुणाला वाटायची नाही. तीच वाक्यरचना मला इथे इंग्रजीत छापलेली दिसली आणि माझ्या पोटात कालवलं.

कोणते पर्याय समोर होते

आम्ही चौघं होतो. एक पूर्णवेळ प्राध्यापक, दोघं पार्ट-टाइम (त्यातली एक मी), आणि कॉलेजच्या लायब्ररियन, ज्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

पहिला पर्याय होता आहे तेच पुस्तक ठेवायचं आणि मी माझ्या स्लाइड बदलायच्या. सोपं होतं, पण पैशाचा प्रश्न तसाच राहिला असता, आणि माझ्या वर्गात जी गोष्ट कळेल ती शेजारच्या वर्गात कळणार नाही.

दुसरा पर्याय प्रकाशकाच्या माणसाने आणला, त्याला इथे इनक्लुझिव्ह अॅक्सेस म्हणतात. नाव छान आहे, व्यवहार असा की पुस्तकाचे पैसे आपोआप मुलांच्या कॉलेजच्या बिलात लागतात, पहिल्या दिवसापासून डिजिटल पुस्तक मिळतं, नको असेल तर मुलानेच तारखेच्या आत नकार कळवायचा. आमच्या डीन बाईंना हा पर्याय पटला होता, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातात पुस्तक येणार होतं आणि ती गोष्ट छोटी नाहीच. माझं म्हणणं एवढंच होतं की पैसे मुलांचेच जाणार, सेमिस्टरनंतर पुस्तक परत जाणार, आणि त्यातलं एक वाक्यसुद्धा आम्हाला बदलता येणार नाही.

तिसरा, एखादं ओपन पुस्तक आहे तसं उचलायचं. खर्च शून्य. कॅलिफोर्नियात 2016 च्या कायद्यामुळे ज्या वर्गांना पुस्तकाचा खर्च नाही त्यांच्यापुढे वेळापत्रकात खूण करावी लागते, मुलं ती खूण बघून वर्ग निवडतात, त्यामुळे प्रशासनालाही हे हवं असतं.

चौथा, ओपन पुस्तक घेऊन ते बदलायचं. हे सगळ्यात जास्त कामाचं. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांना तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात फरकच वाटत नव्हता, फुकट झालं म्हणजे न्याय झाला असं त्यांचं मत. माझं आणि लायब्ररियनबाईंचं मत वेगळं होतं. फुकट पुस्तकातसुद्धा सगळे हात गोरेच असू शकतात, ओपन पुस्तकं लिहिणारेही त्याच शाळांत शिकलेत जिथे बाकीचे शिकले. फरक फक्त एवढा की ओपन पुस्तकातलं चुकलेलं पान आपल्याला बदलता येतं, प्रकाशकाला पत्र लिहून पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागत नाही.

डीन बाईंचं मन वळवायला एक अभ्यास कामी आला. जॉर्जिया विद्यापीठात 21 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल बघून 2018 साली तो छापला गेला. मोफत पुस्तकांनंतर सगळ्यांच्याच ग्रेड सुधारल्या, पण सरकारी आर्थिक मदत घेणारे, गोरे नसलेले आणि अर्धवेळ शिकणारे यांच्यात नापास होणं आणि कोर्स सोडणं जास्त कमी झालं. आमचा वर्ग म्हणजे याच तीन गटांचा वर्ग. शिवाय 2021 च्या बजेटमध्ये राज्याने पुस्तक-खर्च-शून्य पदव्यांसाठी साडेअकरा कोटी डॉलर ठेवले होते, त्यातून कॉलेजला थोडे पैसे यायचे होते. चौथा पर्याय ठरला.

काय केलं, आणि कुठे कुठे अडलो

*काम कुणाचं, पैसे कुणाला.* पहिल्या सेमिस्टरला आम्ही सगळं फुकट केलं. उत्साह होता. पार्ट-टाइम शिक्षकाला इथे एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण कामाच्या 67 टक्क्यांपर्यंतच काम देता येतं, म्हणून मी दोन कॉलेजांत शिकवते, दोन्हींच्या मध्ये गाडी चालवते, आणि रात्री अकरानंतर त्वचेचा चॅप्टर लिहायचे. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की "समतेचं काम" म्हणून जे काही येतंय ते माझ्याकडे आणि दुसऱ्या पार्ट-टाइम सहकाऱ्याकडे येतंय, तो फिलिपिनो आहे. म्हणजे पुस्तकातला भेदभाव काढायचं काम सगळ्यात कमी पगाराच्या दोन सावळ्या माणसांनी बिनपैशाचं करायचं! मी बैठकीत हे असंच्या असं बोलले. शांतता झाली, मग लायब्ररियनबाईंनी ग्रँटच्या अर्जात तासाप्रमाणे मानधनाची ओळ घातली. ती मंजूर होईपर्यंत मी एकही पान लिहिलं नाही, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

*चौकट की मजकूर.* पहिल्या मसुद्यात आम्ही प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी एक रंगीत चौकट टाकली होती, विविधतेबद्दल. दिसायला छान. मुलांनी ती वाचलीच नाही, एकीने सरळ सांगितलं की चौकटीतलं परीक्षेला येत नाही हे सगळ्यांना माहितीये. तिचं खरं होतं. मग सगळ्या चौकटी मोडल्या आणि मजकूर आत घेतला. कावीळ, सायनोसिस, रक्तक्षय, पुरळ, जिथे लक्षण सांगितलंय तिथेच ते वेगवेगळ्या त्वचेवर कसं दिसतं ते, आणि त्यावर परीक्षेत प्रश्न. पल्स ऑक्सिमीटर शिकवताना त्याच परिच्छेदात हे पण की डिसेंबर 2020 मध्ये छापून आलेल्या मिशिगनच्या अभ्यासात यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन 88 च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं आणि काळ्या रुग्णांत 11.7 टक्के, म्हणजे जवळपास तिप्पट. बोटातून जाणारा प्रकाश मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, पण शोषतं, ही तर फिजिऑलॉजीच झाली.

*किडनीचं पान.* यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून किडनीचं काम मोजायच्या 2009 च्या सूत्रात काळ्या रुग्णाचं उत्तर 1.159 ने गुणायचं होतं, आणि उत्तर जितकं मोठं तितकी किडनी चांगली. 2021 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या किडनीच्या दोन मोठ्या संघटनांच्या समितीने वर्ण काढून टाकलेलं नवं सूत्र वापरायला सांगितलं. आमच्या पूर्णवेळ प्राध्यापकांचं म्हणणं, जुनं सूत्र आता वापरात नाही मग ते शिकवायचं कशाला, आणि हा समाजशास्त्राचा वर्ग आहे का. मी म्हटलं वर्गात एकदा करून बघू. मुलांना सांगितलं, उत्तर 18 आलंय, फोनवर 1.159 ने गुणा. 20.86. मग सांगितलं, ट्रान्सप्लान्टच्या यादीत वाट बघण्याचा काळ 20 किंवा त्याखाली आल्यावर मोजायला लागतात. दहा सेकंद कुणी बोललं नाही. त्याच किडन्या, तेच रक्त, पण एका माणसाचा काळ मोजायला लागले आणि दुसऱ्याचा नाही. 2023 च्या जानेवारीत देशभरातल्या ट्रान्सप्लान्ट हॉस्पिटलांना सांगण्यात आलं की या जुन्या सूत्रामुळे ज्या काळ्या रुग्णांचा काळ उशिरा मोजला गेला त्यांचा हिशेब दुरुस्त करा. हे पान पुस्तकात राहिलं. प्राध्यापकांनी ते नंतर स्वतःच्या वर्गात शिकवलं, आणि त्यांनीच त्यात क्रिएटिनिन स्नायूंपासून येतं, आणि "काळ्या लोकांचे स्नायू जास्त" हा तर्क किती कच्च्या आधारावर उभा होता, हा परिच्छेद जोडला. तो माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय.

*फोटो कुठून आणायचे.* कुणी ऑनलाइन टाकलाय म्हणून फोटो उचलता येत नाही, आणि काळ्या-सावळ्या त्वचेचे ओपन लायसन्सचे चांगले फोटो फार कमी सापडले. काही लायसन्समध्ये "बदल करू नका" अशी अट, ते फोटो कापूनसुद्धा वापरता येत नाहीत. शोधता शोधता एका जुन्या वैद्यकीय संग्रहातला फोटो मिळाला, कॉपीराइट संपलेला, आजार एकदम स्पष्ट दिसणारा. एक काळा माणूस, अंगावर कपडा नाही, बाजूला नंबराची पाटी, आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, खाली बघतोय. कायद्याने वापरायला पूर्ण मोकळा. आम्ही तो वापरला नाही. त्या माणसाला कुणी विचारलं होतं असं त्या फोटोत कुठेच दिसत नव्हतं. पेशींच्या चॅप्टरमध्ये आम्ही हेन्रिएटा लॅक्स यांच्याबद्दल लिहिलंय, 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. एका चॅप्टरमध्ये ते लिहायचं आणि दुसऱ्यात हा फोटो लावायचा हे जमलं नसतं.

मग लायब्ररियनबाईंनी सुचवलं की आजाराचे फोटो मिळत नसतील तर आधी निरोगी माणसांचे काढू. कारण नर्सला बदल ओळखायचा असतो, आणि नॉर्मल कसं दिसतं हेच जर पुस्तकात एकाच रंगाचं असेल तर बदल कसा कळणार? मुलांनी एकमेकांचे तळहात, नखं, ओढलेली खालची पापणी, जीभ यांचे फोटो काढले, खिडकीजवळच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून. गव्हाळ, काळे, गोरे, माझा पण हात आहे त्यात. हा तास मी विसरणार नाही, एरवी गप्प बसणारी मुलं एकमेकांच्या पापण्या ओढत होती, आणि एक पंजाबी मुलगा म्हणाला की माझं हिमोग्लोबिन बघायला आजी असंच करते.

*परवानगी.* विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा कॉपीराइट विद्यार्थ्याचाच असतो. म्हणून अट अशी ठेवली की फोटो पुस्तकात द्यायचा की नाही याचा ग्रेडशी संबंध नाही, आणि नाव द्यायचं, टोपणनाव द्यायचं की काहीच नाही हे त्याने ठरवायचं. तरी चूक झालीच, ती पुढे सांगते.

*छपाई.* मोफत म्हणजे ऑनलाइन, पण बऱ्याच मुलांकडे फोन सोडून दुसरं काही नाही आणि जाड विषय फोनवर वाचवत नाही. बुकस्टोअरने छपाईच्या खर्चात प्रती काढून दिल्या, स्वस्त पडावं म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. गठ्ठा उघडला आणि मी डोक्याला हात लावला, त्वचेच्या रंगांवर सहा महिने घालवलेल्या पुस्तकात सगळे हात राखाडी! शेवटी फोटोंची पानं तेवढी रंगीत वेगळी छापून मध्ये घातली.

बाकी कागदपत्रं, म्हणजे कोर्सच्या अधिकृत आराखड्यात ओपन पुस्तक घालणं, चार वर्षांच्या विद्यापीठांत क्रेडिट चालतं ना हे तपासणं, स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे न दिसणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, प्रत्येक चित्राचं वर्णन लिहिणं, हे सगळं कंटाळवाणं आणि आवश्यक होतं. वर्णनात त्वचेचा रंग लिहायचा का यावर एक बैठक गेली. आम्ही सगळ्यांचाच लिहायचा ठरवला, गोऱ्यांचाही, नाहीतर रंग फक्त दुसऱ्यांना असतो असं होतं.

काय झालं

नव्या पुस्तकाच्या पहिल्या सेमिस्टरला पहिल्या सोमवारी माझ्या वर्गात सगळ्यांकडे पुस्तक होतं. मी इतकी वर्षं शिकवतेय, हे पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या क्विझला "माझं पुस्तक अजून आलं नाही" हा ईमेल एकही आला नाही. चार वर्गांच्या ग्रेडवरून मोठे निष्कर्ष काढणं मला पटत नाही, पण सुरुवातीच्या आठवड्यांत गळणारी मुलं माझ्या वर्गांत कमी झाली, आणि का ते त्यांना विचारलं तर बहुतेकांनी पैशाचंच सांगितलं.

सिकलसेलच्या पानावर आता जगाचा नकाशा आहे, मलेरियाचा पट्टा आणि जनुकाचा पट्टा एकावर एक, आणि त्यात मध्य भारत आहे. प्रश्नपेढीत तोच रुग्ण आता कधी नायजेरियाचा असतो, कधी ग्रीसचा, कधी गडचिरोलीचा. परीक्षेत गडचिरोली पहिल्यांदा टाइप करताना मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

विरोधही झाला. एका विद्यार्थ्याने फीडबॅकमध्ये लिहिलं की विज्ञानाच्या वर्गात राजकारण नको. मी त्याला ऑफिस अवरला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, बोलावलं, वाद घातला नाही, ऑक्सिमीटरचा अभ्यास त्याच्यापुढे ठेवला आणि आकडे वाचायला सांगितलं. त्याचं पूर्ण मत बदललं असं काही नाही, पण नंतर तो म्हणाला की मोजायचं यंत्र चुकत असेल तर ते माहीत असायला हवं. मला तेवढं पुरलं.

आणि ती स्क्रबवाली विद्यार्थिनी. ती तोपर्यंत पुढच्या कोर्सला गेली होती, जुन्याच पुस्तकावर पास होऊन. मी तिला त्वचेचं पान वाचायला पाठवलं, मानधनासकट, कारण आता मला कळलं होतं की असं मागायचं तर पैसे द्यायचे. तिने चार ओळींचं उत्तर दिलं. म्हणाली, सगळं बरोबर आहे पण आमच्या नर्सिंग होममध्ये रात्री पिवळा दिवा असतो, त्यात कुणाचेच ओठ नीट दिसत नाहीत, आधी उजेडाचं लिहा. त्या पानाची पहिली ओळ आता तीच आहे, की पांढऱ्या किंवा दिवसाच्या उजेडात बघा.

पुन्हा करायचं झालं तर

मानधन पहिल्या दिवशी ठरवेन, काम सुरू करण्याआधी. फुकट केलेले चार महिने परत मिळाले नाहीत, आणि माझ्या सहकाऱ्याने मधेच काम सोडलं होतं ते त्याच थकव्याने.

विद्यार्थ्यांना आधी विचारेन. आम्ही दोन मसुदे आपापसात लिहून मग त्यांच्याकडे गेलो, चौकटींची चूक त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितली असती.

परवानगीबद्दल जास्त सावध राहीन. एका मुलीने हाताचा फोटो द्यायला होकार दिला होता, सहा महिन्यांनी तिने तो काढायला सांगितला, तिच्या हातावरच्या एका खुणेवरून घरच्यांनी ओळखलं होतं. आम्ही आमच्या पुस्तकातून त्याच दिवशी काढला. पण क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, आणि दुसऱ्या एका कॉलेजने तोपर्यंत आमचा चॅप्टर उतरवून घेतला होता. त्यांना विनंती केली, त्यांनी ऐकली, पण ऐकायला ते बांधील नव्हते. मी तिला फॉर्म दिला होता, फॉर्मवर हे लिहिलेलं पण होतं, तरी समोर बसून तोंडाने सांगितलं नव्हतं. आता फोटो काढला की एक सेमिस्टर थांबतो, ग्रेड लागल्यावर परत विचारतो, मगच लायसन्स लावतो.

एकटं करणार नाही. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांसाठी ओपन फॉर अँटीरेसिझम नावाचा कार्यक्रम निघाला होता, ओईआर आणि वर्णद्वेषविरोधी शिकवणं यांचीच सांगड घालणारा, आणि राज्याच्या अॅकॅडमिक सिनेटच्या, म्हणजे कॉलेज शिक्षकांच्या प्रतिनिधी संस्थेच्या, ओईआर गटाने पुस्तक तपासायची प्रश्नावली पण बनवलीय. ती हातात असती तर आमच्या अर्ध्या बैठका वाचल्या असत्या.

आणि भाषा. आम्ही स्पॅनिश शब्दसूची अगदी शेवटी जोडली, उरलेल्या पैशात, तीही मशीनने भाषांतर करून मग एका विद्यार्थिनीकडून तपासून. तिने जवळपास प्रत्येक पानावर लाल केलं, कारण मशीनचे शब्द पुस्तकी होते आणि तिच्या आईला डॉक्टर जे बोलतात ते वेगळे. या सेमिस्टरला ती सूची पहिल्यापासून तिच्याकडून आणि अजून दोघींकडून लिहून घेतोय, तासाप्रमाणे पैसे देऊन. हमोंग आणि पंजाबीचं पण काम सुरू झालंय, किडनीच्या चॅप्टरपर्यंत आलंय.